कृषिमंत्र्यांना खुले पत्र: यंत्र तपासा, पण जी फिरवणार आहे तिच्या हाताने

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

हिंगणघाटकडच्या एका गावात माझे वेल्डिंगचे दुकान आहे. वखराच्या पासा, फाटकांचे कब्जे, तुटलेल्या बंड्या हे रोजचे काम. त्यात गेली चार वर्षे हाताने फिरवायच्या डाळ-भरडणीचा नाद लागलाय.

आमच्याकडे तूर घरची. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8000 रुपये. ती विकायची आणि खायला डाळ किलोकिलोने दुकानातून आणायची. जाती आहेत, पण छिन्नीने टाकी लावून ती खरबरीत करून देणारे पाथरवट फिरकेनासे झाले. बोथट जात्यावर कोण भरडणार?

आमच्या घरच्यांच्या बचत गटाला अनुदानातून एक हातयंत्र मिळाले होते. कागदावर सगळे उत्तम. मूठ मात्र छातीशी, त्यामुळे खांदा उचलूनच फिरवावे लागे. दहा मिनिटांत एक काकू म्हणाल्या, "भाऊ, यातून दाळ कमी निघते अन् दम जास्त." आता त्यावर कोंबड्या बसतात.

हसू नका, माझे पहिले यंत्रही असेच होते. मी स्वतः फिरवून पाहिले आणि खूश झालो. माझा हात घणाचा. सायकलसारखे पाय मारून माणूस बराच वेळ टिकेल अशी शक्ती साधारण 75 वॅट, म्हणजे एका अश्वशक्तीचा दहावा भाग. नुसत्या हाताने त्याहूनही कमी. मग मूठ कमरेपाशी आणली, सायकलच्या जुन्या रिंगमध्ये सिमेंट भरून जडचाक केले. एकदा गती आली की झटके बसत नाहीत.

तरी डाळ फुटायचीच. कारण माझ्या आईने सांगितले: दाणे आधी चाळ. दगडांतली फट एकच असते. बारीक दाणा तसाच निसटतो, मोठ्याचा चुरा होतो. शिवाय तुरीचे टरफल गोंदासारख्या थराने डाळीला चिकटलेले असते. दाणा आधी थोडा ओरखडून, तेल चोळून, पाणी शिंपडून, दाबून ठेवून उन्हात कडक वाळवला की ते सुटते. निम्मे काम ऊन करते. यंत्रासोबत ही कृती कागदावर कुणी दिली नव्हती.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल गटाने चालवायला चांगली आहे. तिच्याबद्दल तक्रार नाही. पण वर्षाची घरची डाळ करायला मोटार, शेड आणि वीज कायले पाहिजे?

वर्ध्यात 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, तिथल्या मगनवाडीत गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पांनी याच प्रश्नांवर काम उभे केले. तिथल्या सुधारित तेलघाणीला देशभर 'वर्धा घाणी' म्हणून ओळख मिळाली. हे आमच्या जिल्ह्यात झाले, म्हणून मागायला संकोच वाटत नाही.

मागणी एकच. हातयंत्र अनुदानाच्या यादीत घेण्याआधी ते एक हंगाम गावातल्या घरांत ठेवा. बायांना त्यांच्या ओसरीत, त्यांच्याच खडे-कचऱ्याच्या तुरीवर फिरवू द्या. अहवालात तासाला किती किलो हा आकडा असतोच. पाखडल्यावर अख्खी डाळ किती, कणी किती, टरफल-चुऱ्याची चुनी किती, आणि दुसऱ्या दिवशी ती बाई पुन्हा यंत्रापाशी आली का, हेही लिहा. अहवाल मराठीत आणि उघडा ठेवा. नकाशेही द्या, म्हणजे मोडले तर माझ्यासारखा कुणीही दुरुस्त करील. बेअरिंग तालुक्याला मिळणारेच असावे.

माझे यंत्र दुकानात आहे. त्याचीही अशीच परीक्षा घ्या, नापास झाले तर बोलणार नाही. फक्त माणसे फेब्रुवारीत पाठवा. तेव्हा तूर घरात आलेली असते आणि ऊन तापू लागलेले असते. पावसाळ्यात आलात तर वाळवणच होणार नाही.

आपला,
हिंगणघाट तालुक्यातला एक वेल्डर