हात सुधारला, पण कशाने?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कमी शक्तीच्या लेझरने दुखावलेल्या नसा ‘पुन्हा जिवंत’ होतात, असा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. त्या दिवशी मला ओळखीच्या तिघांचे फोन आले. कारण हा लेझर मी घेतलेला आहे आणि माझा हात सुधारलेलाही आहे. तेव्हा लेखाचा चालताबोलता पुरावा मीच, असे त्यांना वाटले. तसे ते नाही, एवढे सांगायला हे पत्र.

दंडाचे हाड मधोमध मोडले आणि त्या हाडाला वळसा घालून जाणारी रेडियल नस दुखावली. मनगट लुळे पडले. पंजा खाली लोंबायचा, बोटे मिटायची पण सरळ व्हायची नाहीत. स्प्लिंट बांधून दोन महिने काढले, फरक शून्य. मग कोणीतरी सुचवले म्हणून लेझरच्या दहा बैठका घेतल्या, दर वेळी सहा-सात मिनिटांच्या. चौथ्या महिन्यात कोपर वाकवताना कोपराखालचा, अंगठ्याच्या बाजूचा स्नायू हाताला टणक लागला. पुढे काही आठवड्यांनी मनगट उचलले गेले. अंगठ्याने सगळ्यात उशीर लावला. घरात श्रेय लेझरला मिळून मोकळे झाले.

मी मात्र मोजपट्टी घेऊन बसलो. नसेतला तंतू तुटला की तुटीच्या पुढचा भाग मरतो आणि अलीकडच्या टोकातून नवा तंतू फुटून रोज साधारण 1 मिलिमीटर पुढे सरकतो. हाड मोडले त्या जागेपासून मनगट उचलणाऱ्या स्नायूपर्यंत माझ्या हातावर अंतर भरले 11 सेंटिमीटर. म्हणजे 110 दिवस, शिवाय सुरुवातीचे काही आठवडे तंतू फुटायलाच लागतात. माझा हात अगदी या वेळापत्रकाने उठला. दंडाच्या अशा मोडण्यात लुळे पडलेले बहुतेक हात आपोआप सुधारतात, हे शल्यविशारदांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. आम्ही ते विसरलो. लेझर नसता घेतला तर? हे कळायला मला दुसरा हात मोडून घ्यावा लागेल.

याचा अर्थ लेझर म्हणजे थोतांड, असे मला म्हणायचे नाही. 1967 च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर हे डॉक्टर उंदरांतल्या गाठी लेझरने नष्ट करू पाहत होते. त्यांचा लेझर पडला दुबळा. गाठी राहिल्या जागच्या जागी, पण भादरलेल्या कातडीवर केस मात्र लवकर उगवले! तिथून हा सगळा प्रवास सुरू झाला. लाल आणि अवरक्त प्रकाश पेशीतल्या मायटोकाँड्रियामधले सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर शोषून घेते आणि पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते, हे त्याचे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण. कर्करोगाच्या उपचारांत तोंडात होणारे व्रण टाळण्यासाठी या प्रकाशाची शिफारस आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही आहे.

नसांबाबतचा पुरावा मात्र मुख्यतः उंदरांच्या सायटिक नसेवरचा, म्हणजे कमरेतून मांडीमागून पायात जाणाऱ्या नसेवरचा. उंदराची मांडी केवढी! प्रकाश सहज नसेपर्यंत पोहोचतो. माणसात कातडी, चरबी आणि स्नायू यांतच तो विखरून जातो.

लेखात ज्या चाचणीचा ओझरता उल्लेख आहे, ती इस्राएलमधले न्यूरोसर्जन शिमॉन रोखकिंड यांची, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेली असावी. ती मला आवडते, कारण तिच्यातल्या रुग्णांची इजा किमान सहा महिन्यांची जुनी होती, म्हणजे माझ्यासारखा आपोआप सुधारणारा हात तिथे सहसा घुसत नाही. काहींना खरा लेझर, काहींना खोटा. खऱ्या लेझरवाल्यांच्या स्नायूंची ताकद जास्त सुधारली. पण रुग्ण होते अवघे 18. आणि उपचार? 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर, सलग 21 दिवस, रोज तीन तास नसेवर आणि दोन तास पाठीच्या कण्यातल्या संबंधित भागावर. रोज पाच तास! माझ्या दहा बैठका मिळून जेमतेम तासभर भरतात. त्या चाचणीचे नाव घेऊन सहा मिनिटांची बैठक विकणे कसे काय चालते? मी तिथे तरंगलांबी आणि शक्ती विचारली, तर ‘मशीनमध्ये प्रोग्रॅम सेट असतो’ एवढेच उत्तर मिळाले. या प्रकाशाचे गणित असे की मात्रा कमी पडली तर परिणाम नाही आणि फार झाली तर उलटा परिणाम, त्यामुळे ‘सेट असतो’ हे उत्तर मला पुरत नाही.

माझी खरी तक्रार लेखातल्या एका वाक्यावर आहे: ‘शस्त्रक्रियेपूर्वी लेझर करून पाहायला हरकत नाही.’ हरकत आहे. ब्रिटिश शल्यविशारद हर्बर्ट सेडन यांनी 1943 मध्येच नसेच्या इजेचे तीन प्रकार वेगळे केले: नस नुसती बधिरलेली, आतले तंतू तुटलेले पण वेष्टन शाबूत, आणि नस पूर्ण तुटलेली. पहिल्या दोन्हींत वाट पाहता येते. तिसऱ्यात टोके शिवावीच लागतात, प्रकाशाने ती जुळत नाहीत. आणि स्नायू फार काळ थांबत नाही. नसेशिवाय वर्ष-दीड वर्ष गेले की तो इतका सुकतो, की मागाहून तंतू पोहोचूनही उपयोग राहत नाही. काचेने मनगट कापलेला एखादा वाचक आपला लेख वाचून सहा महिने लेझरखाली बसला, तर ते महिने त्याला परत कोण देणार?

तेव्हा पुढच्या अंकात निदान चौकट तरी छापा: इजेनंतर तीन-चार आठवड्यांनी एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते पाहणारी चाचणी) आणि ईएमजी (स्नायूतल्या विद्युत हालचालीची चाचणी) करून घ्या, धारदार वस्तूने कापले असेल तर तेवढेही न थांबता शल्यविशारदांना गाठा. लेझर घ्यायचा तो त्यानंतर, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून.

फोन केलेल्या तिघांपैकी एकाचा पाय गुडघ्याखालच्या नसेमुळे पाच महिने लुळा आहे आणि ईएमजी अजून झालेली नाही. त्याला मी लेझरचा पत्ता दिला नाही, माझ्या शल्यविशारदांचा दिला.

आपला,
एक वाचक