नीटच्या गुणांत किती वर्षांचा डबा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लातुरात क्लासच्या गल्लीत माझी खाणावळ आहे. नीटचा, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की चौकाचौकांत फलक लागतात. त्यातली दोन-चार पोरं तरी माझ्याकडं जेवलेली असतात. त्यांनी रात्री जागून काढल्यात, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

पण गेल्या वर्षीची एक मुलगी मनातून जात नाही. किनवट तालुक्यातल्या तांड्यावरची, आईबाप ऊसतोडीला. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, बारावी तालुक्याला. क्लास न लावता पहिल्याच वेळी तिला ७२० पैकी ४१२ मिळाले. मग आईबापांनी उचल घेऊन तिला इथं ठेवलं. दोन महिन्यांत पैसे संपले. तिच्याच पंगतीला बसणाऱ्या एका मुलाला पहिल्या वर्षी ३९० होते. दोनदा ड्रॉप घेतला, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा नीटचीच तयारी केली, तिसऱ्या वेळी ६०८. गुणवत्ता यादीत ६०८ तेवढे दिसतात, मधली दोन वर्षं आणि त्यांचा खर्च दिसत नाही.

तिला आरक्षण आहे, असं लोक म्हणतात. आहे, आणि असायलाच हवं. पण तिच्याच प्रवर्गात लातूर-नांदेडला तीन-तीन वर्षं खोली घेऊन राहणारी मुलंही आहेत. तिची गाठ त्यांच्याशी पडते.

मेडिकलच्या ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाकी राज्याला, असं ७०:३० सूत्र होतं. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं, तेव्हा मला फार आनंद झाला होता. मराठवाड्यात कॉलेजं कमी, त्यामुळं जास्त गुण असूनही आमची पोरं बाहेर राहायची. कुठं शिकलात यावरून अडवू नका, हेच आपण तेव्हा मागत होतो. या मुलीचंही तेच मागणं आहे.

तामिळनाडूनं त्याच वर्षी कायदा केला. सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकून नीट पास झालेल्यांना मेडिकलच्या साडेसात टक्के जागा राखल्या. आपल्याकडं बारावी बहुधा अनुदानित कॉलेजात होते, तेव्हा अट पहिली ते दहावी जिल्हा परिषद शाळा किंवा आश्रमशाळेची लावा. प्रत्येक प्रवर्गाच्या आतच जागा ठेवा, म्हणजे कुणाचं आरक्षण कमी होणार नाही. मराठवाड्यातल्या आमदारांनी विधानसभेत हे मांडावं.

ती गेली तेव्हा महिन्याचे दहा दिवस बाकी होते. मी पैसे परत देत होते, तिच्या वडिलांनी घेतले नाहीत. "जमा राहू द्या ताई, पुढच्या वर्षी पोरगी येईल," म्हणाले. ती आली नाही. वहीत तिच्या नावावर नऊशे रुपये अजून जमा आहेत.

— एक खाणावळचालक, लातूर