आत्या, माझा डावा हात

बाल्टिमोर

ती. आत्यास सा. न.

कृष्णेचं पाणी ओसरलं का? परवा फोनवर तू विचारलंस, "टाके घालायला यंत्र काय शिकवणार?" तेव्हा घाईत होते, म्हणून आज लिहितेय.

दोन्ही हातांच्या पाठीवर बोराएवढे सेन्सर चिकटवतात आणि सिलिकॉनच्या कातडीवर टाके घालायला लावतात. हात कुठून कुठे गेला, किती वेळा हलला, कुठे अडला, सगळं नोंदलं जातं. मुरलेला सर्जन तेच काम कमी हालचालींत उरकतो. तू एसटीने सांगलीहून मिरजेला जाऊन ऑपरेशन थिएटरात तीस वर्षं हेच तर बघितलंस. "ह्याचा हात उगाच फिरतो," म्हणायचीस!

माझा आलेख बघून मी गप्पच झाले. उजव्या हाताचं नुसतं जाळं, डावा जवळजवळ जागेवर. फोर्सेप्सने, म्हणजे चिमट्याने, जखमेची कड नीट उचलत नव्हते, म्हणून सुईला दोनदोनदा वाट शोधावी लागत होती. इतकी वर्षं सगळे "हात भरभर चालव" एवढंच सांगत आले. डाव्या हाताचं कुणीच बोललं नाही.

पण ही पारख यंत्राला येते कुठून? इथल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक नोंदसंच खुला केला. दा विंची या शस्त्रक्रियेच्या रोबोवर ८ सर्जननी टाके घातले, गाठी मारल्या, कड्यांतून सुई ओवली. सेकंदाला ३० नोंदी. व्हिडिओ बघून गुण मात्र एका जाणकार सर्जनने दिले. संगणक त्या गुणांवरून शिकतो. म्हणजे नजर माणसाचीच.

आलेखातल्या रेघेवरून कातडी चिमटली का, टाका जास्त आवळला का, हे कळत नाही. त्यासाठी आमच्या मॅडम शेजारी बसतात.

आजीच्या मानेत सेंट्रल लाइन, ती मोठ्या शिरेतली नळी, घालताना चारदा टोचलं होतं, आठवतं? टोचणाऱ्या त्या शिकाऊ मुलाचे हात थरथरत होते, नंतर तूच त्याला पाणी दिलंस. त्याला आधी प्लास्टिकच्या मानेवर पन्नासदा करू दिलं असतं तर आजीचे हाल वाचले असते, आणि त्याचेही. मला हे काम त्यासाठीच करायचंय.

आता साध्या व्हिडिओवरूनही हातांचा माग काढता येतो. डिसेंबरमध्ये येताना आमचे व्हिडिओ आणते, चेहरे नसलेले, नुसते हात. तू बघ आणि दहापैकी गुण दे. कुणाचा हात उगाच फिरतो, तेही लिही. मॅडमना तुझे गुण हवेत, मी विचारून ठेवलंय.

तुझी
मनू