पुंजभौतिकीतला ‘द्रष्टा’ आला कोठून?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गेल्या आठवड्यात पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) आणि चैतन्य यांचा संबंध सांगणारा लेख प्रसिद्ध झाला. जर्मन शास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांनी १९२५ च्या जूनमध्ये हेल्गोलँड बेटावर केलेल्या, या शास्त्राचा पाया घालणाऱ्या गणिताला शंभर वर्षे झाली, संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे वर्ष या शास्त्रासाठी पाळले आणि त्या निमित्ताने हा विषय अर्ध्या पानाने का होईना मराठी वाचकांपुढे आला, याचे मला समाधान आहे. परंतु द्रष्ट्याने पाहिल्याखेरीज कणाला अस्तित्वच नसते असे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे, या ज्या विधानावर त्या लेखाचा सारा डोलारा उभा आहे, ते विधान चुकीचे आहे आणि मतभेदाचा विषय म्हणून सोडून देण्याइतके निरुपद्रवीही नाही. मी ३१ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. दर वर्षी एखादा तरी विद्यार्थी तास संपल्यावर मागे रेंगाळून विचारायचा, ‘सर, म्हणजे आपण बघितलं नाही तर चंद्रसुद्धा नसतो का?’ हाच प्रश्न आइन्स्टाइन यांनी फिरायला गेले असताना अब्राहम पाइस यांना विचारला होता, हे त्या मुलांना ठाऊक नसायचे. प्रश्न फार चांगला आहे. लेखात दिले आहे तितके त्याचे उत्तर सोपे मात्र नाही.

गोंधळाची सुरुवात मला शब्दापासूनच झालेली दिसते. इंग्रजी ग्रंथांत येणारा ‘ऑब्झर्व्हर’ हा एक रूक्ष, कामापुरता शब्द आहे; वेधशाळेत पावसाचे मोजमाप लिहून ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यालाही तोच शब्द चालतो. त्याचे मराठी ‘द्रष्टा’ असे केले की शब्दाबरोबर त्याचे सारे गणगोत घरात येते. ज्या भाषेत ‘चांगदेव पासष्टी’ने द्रष्टा, दृश्य आणि दर्शन या त्रिपुटीचा विचार सातशे वर्षांपूर्वी मांडला, त्या भाषेच्या वाचकाला ‘द्रष्टा’ म्हटल्यावर प्रयोगशाळेतला फोटॉन-शोधक, म्हणजे प्रकाशाचे कण टिपणारे उपकरण, आठवणे शक्यच नाही. मग जे सिद्ध करायचे ते शब्दानेच आधी गृहीत धरलेले असते, आणि लेखकाला पुढे काही सिद्ध करावे लागत नाही. पुंजभौतिकीच्या गणितात द्रष्टा नाही. तेथे आहे ते मापन, आणि मापन म्हणजे कणाच्या अवस्थेची एखाद्या मोठ्या वस्तूवर उमटलेली, पुसता न येणारी नोंद. ती वाचायला कोणी आले की नाही, याचा हिशेब त्या गणितात कोठेही मांडलेला नसतो.

अर्थात मनाला या शास्त्रात आणणारे कोणी ऐरेगैरे नव्हते, हेही सांगायला हवे. जॉन फॉन नॉयमन यांनी १९३२ च्या ग्रंथात असे दाखवले की कण, उपकरण, डोळा, मेंदू या साखळीत ‘येथपर्यंत पुंजभौतिकी आणि येथून पुढे निरीक्षक’ अशी रेघ कोठेही ओढली तरी भाकितांत फरक पडत नाही. रेघ हलवता येते म्हणून ती शेवटच्या टोकाला, म्हणजे जाणिवेपाशी, नेऊन ठेवण्याचा विचार १९३९ मध्ये फ्रिट्झ लंडन आणि एडमंड बाउअर या शास्त्रज्ञांनी केला, आणि १९६१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी तो उघडपणे मांडला. खोलीत बंद असलेला मित्र कणाची मोजणी करतो आणि विग्नर बाहेर उभे आहेत. तर निकाल मित्राने पाहिला तेव्हा ठरला, की विग्नर यांनी दार उघडले तेव्हा? मित्रालाही जाणीव आहे, तेव्हा ती जाणीवच निकाल ठरवते, असे त्यांचे त्या वेळचे उत्तर होते. आपल्या लेखकांनी येथवरची हकीकत दिली आहे आणि ती बरोबर आहे. पुढची त्यांनी दिलेली नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ डीटर त्से यांनी १९७० मध्ये असे दाखवून दिले की उपकरणासारखी मोठी वस्तू भोवतालच्या हवेपासून आणि प्रकाशापासून कधीच सुटी नसते, त्यामुळे तिला एकाकी धरून केलेला युक्तिवादच लंगडा पडतो. हे पटल्यावर विग्नर यांनी आपली पूर्वीची भूमिका सोडली. माणसाचे मत छापायचे आणि त्याने ते मागे घेतल्याचे छापायचे नाही, हे बरे नव्हे. या शास्त्राच्या आद्य शिल्पकारांपैकी एक असलेल्या नील्स बोर यांच्या नावावरही हा विचार सर्रास खपवला जातो, पण बोर यांचा भर सतत उपकरणावर आणि रोजच्या भाषेत करता येणाऱ्या त्याच्या वर्णनावर होता. निरीक्षकाच्या मनावर तो कधीच नव्हता.

या वादात ज्या प्रयोगाची माहिती मराठीत सर्वांत आधी पोहोचायला हवी होती, तो व्हिएन्नात झाला. तेथील गटाने १९९९ मध्ये कार्बनच्या ६० अणूंच्या चेंडूसारख्या रेणूंचे व्यतिकरण दाखवले, म्हणजे प्रत्येक रेणू जणू एकाच वेळी अनेक फटींतून गेल्यावर पडावेत तसे पट्टे मिळवले. त्यानंतर २००४ मध्ये त्यांनी ७० अणूंचे रेणू घेतले आणि फटींकडे जाण्याआधी त्यांना लेझरने तापवले. थंड असेपर्यंत पट्टे स्वच्छ होते. तापमान वाढत गेले तसे ते फिके पडत गेले आणि ३००० केल्विनच्या आसपास जवळजवळ नाहीसे झाले. कारण असे की तापलेला रेणू बल्बच्या तारेप्रमाणे प्रकाश सोडू लागतो आणि रेणू जितका तापलेला, तितका तो प्रकाश आखूड तरंगलांबीचा असतो. असा फोटॉन बाहेर पडला की रेणू कोणत्या वाटेने गेला याची खूण तो आपल्याबरोबर घेऊन जातो. ते फोटॉन प्रयोगशाळेच्या भिंतींत जाऊन विरले. कोणी ते पकडले नाहीत, मोजले नाहीत, कोणाचा डोळा त्यांच्यावर पडला नाही, आणि तरीही पट्टे गेले ते गेलेच. कोणत्या तापमानाला किती पट्टे उरतील, याचे आधी केलेले गणितही निरीक्षणाशी जुळले. द्रष्ट्याच्या अभावी जर काही घडत नसेल, तर येथे जे घडले ते कोणी घडवले, हे लेखकांनी सांगावे.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. केरळात जन्मलेले ई. सी. जी. सुदर्शन आणि बैद्यनाथ मिश्रा यांनी १९७७ मध्ये गणिताने असे सिद्ध केले की एखाद्या अस्थिर अवस्थेची सतत मोजणी करत राहिल्यास तिचे रूपांतरच थांबते. ग्रीक तत्त्वज्ञ झेनो यांच्या न हलणाऱ्या बाणावरून त्यांनी या परिणामाला नाव दिले. ‘पाहत राहिलेले दूध उतू जात नाही’ असे मी वर्गात सांगत असे आणि मुले हसत असत. पण १९९० मध्ये अमेरिकेत बोल्डर येथे इटानो, वाइनलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्षात करून पाहिले, तेव्हा ‘पाहण्याचे’ काम लेझरच्या झोतांनी केले. सापळ्यात धरलेले बेरिलियमचे सुमारे ५००० आयन (विद्युतभारित अणू), २५६ मिलिसेकंदांचा अवधी, आणि त्या अवधीत एकापासून ६४ पर्यंत झोत. झोत जितके अधिक, तितके कमी आयन दुसऱ्या अवस्थेत गेले. प्रत्येक झोताचा निकाल वाचणारे तेथे कोणी नव्हते. आयनांवरून प्रकाश विखुरला जाणे एवढेच पुरेसे होते. तेव्हा माझे दुधाचे उदाहरण गमतीपुरतेच खरे होते, हे आज कबूल करतो.

मग प्रश्न सुटला का? नाही. येथे माझ्याच बाजूच्या अनेकांकडून घाई होते, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहितो. परिसराशी गुंतल्यामुळे पट्टे का नाहीसे होतात, हे डिकोहिअरन्स नावाची ही प्रक्रिया उत्तम सांगते. अनेक शक्यतांपैकी नेमकी एकच प्रत्यक्षात का उतरते, हे मात्र ती सांगत नाही. श्रोडिंजर यांनी १९३५ मध्ये बंद पेटीतल्या, जगणे-मरणे एका अणूच्या विघटनावर टांगलेल्या मांजराची गोष्ट रचली ती नेमकी याच दुखण्यावर बोट ठेवण्यासाठी. मांजर खरोखर अर्धे जिवंत असते असे त्यांना म्हणायचे नव्हते. सिद्धांताचा हा अर्थ लावला तर किती हास्यास्पद ठिकाणी पोहोचावे लागते, ते त्यांना दाखवायचे होते. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी तर १९९० मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी प्रसिद्ध झालेल्या लेखात, ‘मापन’ हा शब्दसुद्धा मूलभूत नियमांत नको अशी तक्रार केली. जगाचे तरंगफल (सर्व शक्यता एकत्र मांडणारे गणिती सूत्र) उडी मारण्यासाठी, म्हणजे एका निकालावर येण्यासाठी, अब्जावधी वर्षे एखाद्या एकपेशीय जीवाची वाट पाहत थांबले होते, की पदवी घेतलेल्या एखाद्या पात्र शास्त्रज्ञाची, अशा आशयाचा त्यांचा खोचक सवाल प्रसिद्ध आहे. म्हणजे ‘द्रष्टा’ला हाकलून मी ज्या ‘मापना’ला आत घेतो आहे, त्याच्यावरही बेल यांचा आक्षेप आहे, आणि तो मला मान्य आहे.

या पेचातून निघण्याच्या वाटा अनेक आहेत. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये सुचवले की तरंगफल एका निकालावर कधी कोसळतच नाही, सर्व निकाल आपापल्या शाखांत घडतात. गिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांनी १९८६ मध्ये समीकरणातच बदल केला आणि तरंगफल आपोआप, कोणाच्याही मदतीशिवाय कोसळते असे मानले. डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्ये कणाला कायमची जागा दिली आणि तरंगाला त्याचा वाटाड्या केले. जे. कृष्णमूर्तींबरोबरच्या संवादांमुळे बोम आपल्याकडे वेगळ्याच कारणाने परिचित आहेत, म्हणून मुद्दाम नोंदवतो की त्यांच्या १९५२ च्या सिद्धांतात जाणिवेला कसलेही काम दिलेले नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वीरेंद्र सिंह आणि एस. एम. रॉय यांनी १९९० च्या दशकात याच धर्तीचा, पण स्थान आणि संवेग या दोहोंना सारखे वागवणारा सिद्धांत मांडला. या चारही वाटांवर द्रष्ट्याची गरज लागत नाही. संभाव्यता म्हणजे त्या त्या व्यक्तीची अपेक्षा, असे मानणारा क्यूबिझम हा एक पक्ष व्यक्तीला मध्यभागी ठेवतो खरा. परंतु व्यक्ती पाहते म्हणून चंद्र निर्माण होतो, असे तोही म्हणत नाही. २०२५ मध्ये ‘नेचर’ने केलेल्या पाहणीत १,१०० हून अधिक संशोधकांनी उत्तरे दिली आणि सर्वाधिक पसंती मिळालेल्या, बोर यांच्या नावाशी जोडलेल्या कोपनहेगन अर्थबोधालाही ३६ टक्क्यांच्या पुढे जाता आले नाही. ज्या प्रश्नावर तज्ज्ञ इतके विखुरलेले आहेत, तेथे ‘सिद्ध झाले’ हे क्रियापद कोणत्याच पक्षाला वापरता येणार नाही.

लेखात २०२२ च्या नोबेल पारितोषिकाचा हवाला आहे, तोही तपासायला हवा. बेल यांनी १९६४ मध्ये दाखवले ते असे: मोजण्यापूर्वीच उत्तरे ठरलेली असतील आणि एका ठिकाणच्या मोजणीचा प्रभाव दुसऱ्या ठिकाणी प्रकाशापेक्षा वेगाने पोहोचत नसेल, तर दूरच्या दोन कणांच्या नोंदींतील मेळ एका मर्यादेत राहिला पाहिजे. १९६९ मध्ये क्लाउझर आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या मांडणीत ती मर्यादा २ आहे, आणि पुंजभौतिकी सुमारे २.८३ पर्यंत जाऊ देते. क्लाउझर, अस्पे आणि त्साइलिंगर यांना पारितोषिक मिळाले ते ही मर्यादा ओलांडली जाते हे दाखवणाऱ्या प्रयोगांसाठी. २०१५ मध्ये डेल्फ्ट येथे १.३ किलोमीटर अंतरावरील दोन हिऱ्यांतील इलेक्ट्रॉन वापरून, २२० तासांत अवघ्या २४५ नोंदी मिळवून, २.४२ हा आकडा हाती आला. म्हणजे तासाला जेमतेम एक नोंद, आणि तीसुद्धा यंत्राने घेतलेली. एवढ्या कष्टाने सिद्ध झाले ते इतकेच की बेल यांची गृहीतके सर्वच्या सर्व एकत्र टिकू शकत नाहीत. त्यांतले कोणते सोडायचे, ते प्रयोग सांगत नाही. बोम यांचा सिद्धांत स्थानिकतेचा, म्हणजे प्रभाव प्रकाशापेक्षा वेगाने पोहोचत नाही या गृहीतकाचा, त्याग करतो आणि कणांचे अस्तित्व अबाधित ठेवतो, आणि तो या सर्व प्रयोगांशी जुळतो. दूरस्थ मनांच्या संवादाचा जो निष्कर्ष लेखकांनी यातून काढला आहे, त्याला तर कसलाच आधार नाही, कारण प्रत्येक टोकाला दिसणारी आकड्यांची रांग ही स्वतंत्रपणे पाहिल्यास नाणेफेकीसारखीच असते आणि तिच्यातून एक अक्षरही पाठवता येत नाही.

राहिला हे शास्त्र वेदान्तातून सुचले हा मुद्दा. श्रोडिंजर वेदान्ताचे मनापासून वाचक होते आणि आपली तरंग-समीकरणे मांडण्यापूर्वीच, १९२५ मध्ये, त्यांनी त्यावर निबंध लिहिला होता, हे खरे आहे. पण त्या समीकरणांच्या शोधनिबंधांत त्यांनी वेदान्त आणला नाही. हायझेनबर्ग कोलकात्याला रवींद्रनाथांना भेटले ते १९२९ मध्ये. त्यांचे अनिश्चिततेचे तत्त्व १९२७ चे आहे, त्यामुळे ते या भेटीतून सुचले हे तारखांतच बसत नाही. मी स्वतः ज्ञानेश्वरीचा नेमाने पाठ करतो, आणि तिला व्हिएन्नातील रेणूंच्या साक्षीची गरज आहे असे मला कधी वाटले नाही.

राष्ट्रीय क्वांटम अभियानासाठी केंद्राने २०२३ मध्ये ६,००३ कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली असून त्यातील संवेदन आणि मापनशास्त्राचे केंद्र पवईच्या आयआयटीत आहे, म्हणजे मापन या शब्दाशी रोज झगडणारी माणसे आपल्या वाचकांच्या शेजारीच बसलेली आहेत. लेखाच्या शेवटी या मालिकेचा दुसरा भाग पुढील महिन्यात येईल असे म्हटले आहे. त्या भागात ‘द्रष्टा’च्या जागी ‘मापन’ किंवा ‘नोंद’ हा शब्द योजावा, विग्नर यांनी आपले मत बदलल्याचा उल्लेख करावा आणि २००४ च्या व्हिएन्नातील प्रयोगाला निदान एक परिच्छेद द्यावा, अशी विनंती आहे. जागेअभावी माझे पत्र छोटे करावे लागले तर बेल यांच्याविषयीचा मजकूर गाळला तरी चालेल, तापलेल्या रेणूंचा कृपया गाळू नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक,
सातारा