ट्रॉलीला ब्रेक हवा आहे, आम्हाला मुदतवाढ नको

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, यांस

सादर नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. वडिलांनी शेड टाकली तेव्हा तिथे बैलांच्या टायरगाड्या तयार व्हायच्या. आता अंगद म्हणतात त्या दोन चाकी ट्रॉलीपासून चार चाकी हायड्रोलिक ट्रॉलीपर्यंत सगळे होते. आमच्यासारख्यांची एक संघटना आहे. नियमात काही बदल होणार असे कानावर आले की निवेदन टाइप होते, सह्या होतात, खासदारांना गाठून ते पुढे धाडले जाते. त्यात मागणी ठरलेली असते, नियम लागू करायला मुदतवाढ द्या. अशा कित्येक निवेदनांवर माझीही सही आहे. या वेळी मी एकट्याने लिहितो आहे, कारण आम्ही इतकी वर्षे चुकीची गोष्ट मागत आलो, असे माझे ठाम मत झाले आहे.

दोन हंगामांपूर्वी रात्री आठच्या सुमारास आमच्याच भागातला एक मोटारसायकलस्वार उसाच्या उभ्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॅक्टर पंक्चर होता. ऊस मागच्या फळीच्या, म्हणजे फाळक्याच्या बाहेर हात-दीड हात आला होता आणि त्याखाली दिवाही झाकलेला, रिफ्लेक्टरही झाकलेला. मुलगा वाचला नाही. दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिले तर ट्रॉली माझ्या शेडमधली. मीच बसवलेला मागचा दिवा केव्हाच फुटून गेला होता आणि वायर दांडीला गुंडाळून ठेवलेली होती. पोलिसांनी मला काही विचारले नाही. विचारायला हवे होते, असे मला तेव्हाही वाटले.

दिवा का फुटतो, हे कुठल्याही वाहतूकदाराला विचारा. कारखान्यावर क्रेनने ऊस उचलताना तारेचा दोर सांगाड्याच्या मागच्या लोखंडी पट्टीवरून, म्हणजे चॅनेलवरून घासत जातो आणि बाहेर काढून बसवलेला दिवा पहिल्याच आठवड्यात जातो. ट्रॉली सोडताना प्लग काढायचा राहतो, वायर तुटते. फडात पाचटात अडकून तुटते ती वेगळीच. हंगामाच्या सुरुवातीला आरटीओ आणि साखर कारखाने रिफ्लेक्टर चिकटवण्याच्या मोहिमा घेतात, त्या चांगल्याच आहेत. पण चिखलाने माखलेली पट्टी महिन्याभरात दिसेनाशी होते. दिवा चॅनेलच्या आत, खोबणीत बसवला आणि वायर पाइपातून नेली तर तो टिकतो. हे मी करून पाहिले आहे. त्याला काही मोठे तंत्रज्ञान लागत नाही.

त्याहून मोठा प्रश्न ब्रेकचा आहे. आमच्या भागात रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नाहीत. मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि सगळे वजन थांबवण्याची जबाबदारी एकट्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर. उतारावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला की मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, दांडी तिरकी होते आणि ट्रॅक्टर आडवा जातो. पुलाच्या उतारावर किंवा घाटात हे ज्याने एकदा पाहिले, त्याला समजावून सांगावे लागत नाही.

यावर उपाय आहे. ओव्हररन ब्रेक म्हणतात त्याला. ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉलीचा रेटा दांडीवर येतो, त्या रेट्यानेच दांडीतला दट्ट्या आत सरकतो आणि ट्रॉलीचे ब्रेक लागतात. ट्रॅक्टरमध्ये एक बोल्टसुद्धा बदलावा लागत नाही. अडचण एकच, रिव्हर्स घेतानाही ब्रेक लागतो, म्हणून वेगळा खटका द्यावा लागतो. कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीजवळ ट्रॉली मागे घेणे हे ड्रायव्हरचे रोजचे काम, त्यामुळे हा खटका जागेवर बसूनच हाताला यायला हवा.

मी अशी एक ट्रॉली बनवली आहे. आत बसवलेले दिवे, चॅनेलला मागे आडवा गार्ड, ओव्हररन ब्रेक, सगळे आहे. पण ती मला विकता येत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) नुसार ट्रेलर हे मोटार वाहनच आहे. ते असायलाच हवे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२६ प्रमाणे प्रत्येक नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, नंतर उत्पादन त्या नमुन्याबरहुकूम आहे की नाही याची तपासणी होत राहते आणि फॉर्म २२ वर, म्हणजे ट्रॉली रस्त्यावर चालवण्याजोगी आहे या उत्पादकाच्या प्रमाणपत्रावर, आम्ही सही केल्याशिवाय ट्रॉलीचे पासिंग होत नाही. एकच मॉडेल हजारोंनी विकणाऱ्या कंपनीला हा खर्च नगावर वाटून जाणवतही नाही. मी वर्षाला चाळीसेक ट्रॉल्या करतो, आणि त्याही गावागणिक वेगळ्या मापाच्या. काळ्या रानातल्या शेतकऱ्याला रुंद टायर हवा असतो, माळावरच्याला उंच हौदा. नमुन्यात ब्रेकसारखा बदल केला की पुन्हा तपासणी आली. म्हणजे ब्रेक नसलेली जुनी ट्रॉली जितकी बेकायदा, तितकीच माझी ब्रेकवाली नवी ट्रॉलीही बेकायदा. सुधारणा करणाऱ्याच्या वाट्याला फक्त खर्च येतो.

मग गावोगावी होते काय, तर प्रमाणपत्र एकाचे आणि वेल्डिंग दुसऱ्याचे. चासी नंबरची पट्टी विकत मिळते. काही ट्रॉल्या पासिंगशिवायच रानात जातात आणि हंगामात रस्त्यावर येतात. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आणले. नियमबाह्य वाहन विकणाऱ्या उत्पादकाला वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. कलम योग्य आहे. पण कायद्याने वागण्याचा रस्ताच जिथे लहान माणसाला परवडत नाही, तिथे दंड वाढवला की ती विकतची नंबरपट्टी महाग होते, ट्रॉली सुधारत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी अशी आहे. सरकारने ट्रॉलीचे दोन-तीन मापांचे आराखडे तपासून मंजूर करावेत आणि ते सर्वांना खुले करावेत. ब्रेक, दांडी, हूक, एक्सल, दिव्याची जागा, मागचा गार्ड हे त्यात पक्के ठरलेले असावे. हौद्याच्या उंचीसारख्या गोष्टींना ठरावीक मर्यादेत मोकळीक असावी. आराखडा एकदाच तपासला जाईल. त्यानंतर तपासायचे ते आमचे शेड, आमचे वेल्डर आणि तयार झालेली ट्रॉली. बस-बॉडीसाठी एआयएस-०५२ ही वाहन उद्योग मानकांतली संहिता आहे, बॉडी बांधणाऱ्यांना मान्यता देण्याची व्यवस्थाही आहे. ट्रॉलीसाठी तसेच काही करता येईल. पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या वाहने तपासणाऱ्या संस्था आपल्याच राज्यात आहेत. त्यांचे पथक हंगामाआधी वर्षातून एकदा कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागात येऊन बसले तर पंधरा-वीस शेडची तपासणी एका दौऱ्यात होईल.

दुसरी मागणी बसण्याच्या जागेची आहे. वाहनांचे नियम आणि मानके ज्या समित्यांमध्ये घडतात, त्या सीएमव्हीआर (केंद्रीय मोटार वाहन नियम) तांत्रिक स्थायी समितीत आणि एआयएससी या मानके ठरवणाऱ्या समितीत सियाम (वाहन उत्पादक), ॲक्मा (सुट्या भागांचे उत्पादक) यांसारख्या मोठ्या उत्पादकांच्या संघटना असतात. ट्रॅक्टरवाल्यांचीही आहे. त्यांनी तिथे आपली बाजू मांडावी, तो त्यांचा हक्कच आहे. पण मसुदा तयार होताना तारेचा दोर दिव्याला कुठे लागतो, हे सांगणारा कुणी तिथे नसतो. आम्हाला कळते ते अधिसूचना निघाल्यावर, आणि मग आमच्याकडे निवेदन आणि मुदतवाढ एवढेच उरते. लहान ट्रेलर उत्पादकांचा एक तरी प्रतिनिधी तिथे घ्या. त्याला इंग्रजी मसुदा वाचायला वेळ द्या, जमल्यास मसुदा मराठी-हिंदीत द्या.

माझ्या संघटनेतल्या मित्रांना हे पत्र आवडणार नाही, हे मला माहीत आहे. ब्रेक लावले की ट्रॉली महाग होईल, गिऱ्हाईक शेजारच्या शेडला जाईल, अशी त्यांची भीती आहे आणि ती खरी आहे. म्हणूनच नियम सर्वांना एकाच दिवशी लागू व्हावा. सवलत द्यायचीच तर जुन्या ट्रॉलीला ब्रेक बसवून घेणाऱ्या शेतकऱ्याला आणि वाहतूकदाराला द्या. रस्त्यावर आज आहेत त्या जुन्याच ट्रॉल्या आहेत, आणि त्या अजून कित्येक वर्षे चालणार आहेत.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. हा आकडा आपल्याच मंत्रालयाचा आहे. त्यांतली किती ट्रॉलीखाली गेली ते मी सांगू शकत नाही. मला त्यांतल्या एकासारख्याच एका मुलाचे घर माहीत आहे, आणि तिथे जाताना मी अजून रस्ता बदलतो.

ब्रेकवाली ट्रॉली माझ्या शेडच्या मागे ताडपत्री टाकून उभी आहे. आपल्या कुठल्याही संस्थेने ती न्यावी, भरून, उतारावर, दोन-दोन जोडून, हवी तशी तपासावी. नेण्याआणण्याचा खर्च मी करतो. त्यात चूक निघाली तर आम्ही दुरुस्त करू. बरोबर निघाली तर तिचा आराखडा जिल्ह्यातल्या सगळ्या शेडना फुकट द्या, माझे नाव नको. नोव्हेंबरात गव्हाणी फिरू लागायच्या आत एवढे व्हावे, ही विनंती.

आपला,
शिरोळ तालुक्यातला एक ट्रॉली बनवणारा