त्या आईबापांचे आभार

केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या त्या आईबापांची नावं मला कधीच कळणार नाहीत. तापाने फणफणलेलं, हातपाय गार पडलेलं लेकरू मांडीवर असताना त्यांनी सलाईन भराभर द्यावं की नको हे तपासणाऱ्या संशोधनाला होकार दिला. ३,१०० हून जास्त मुलं होती. अशा लेकराला सलाईन भराभर सोडायचं, हेच आम्ही शिकलो होतो. २०११ साली निष्कर्ष आला: भराभर सलाईन दिलेल्यांत ४८ तासांत शंभरातली दहा-अकरा मुलं दगावली, तसं भराभर न दिलेल्यांत सातच्या आसपास. हे लिहितानाही हात थांबतो. ज्यांचं लेकरू घरी परतलंच नाही, त्यांच्यापुढे तर नुसतं हात जोडून उभं राहावं. आणि तिथल्या वॉर्डांत रात्ररात्र श्वास मोजत बसलेल्या सिस्टर, तुमचेही मनापासून आभार. तापाच्या मुलाला सलाईन लावताना मी आता थेंबन्‌थेंब मोजते.