ताई, ती दुखण्याची वही अजून माझ्याकडेच आहे

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही माहितीये. पण टोकियोच्या निशिकासाईतल्या आपल्या मराठी मंडळींना वाचता वाचता कळेलच कोणाबद्दल आहे ते, आणि कळू दे. फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषय बदलता, म्हणून शेवटी पत्रच लिहायला बसले.

ऑक्टोबरपासून माझं पोट दुखायचं. टोकियोत येऊन आम्हाला जेमतेम सात महिने झाले होते, जपानी म्हणजे दुकानात बिल देण्यापुरतं. जवळच्या एका क्लिनिकमधे दोनदा जाऊन आले. डॉक्टर वाईट नव्हते, शांतपणे विचारत होते, "दोन्ना इतामि देस का", म्हणजे कशा प्रकारचं दुखतंय, आणि मी दोन्ही वेळा पोटावर हात ठेवून "इताइ, इताइ" एवढंच म्हणाले. दुखतंय, दुखतंय. मग ते ॲसिडिटीची गोळी देणार नाहीतर काय करणार? मला पुण्यात आमच्या डॉक्टरांना सांगता आलं असतं की कळ उजवीकडे वर बरगडीखाली उठते, पाठीतून खांद्यापर्यंत जाते, तेलकट खाल्लं की रात्री हमखास येते. हे सगळं माझ्याकडे होतं पण तोंडातून निघत नव्हतं.

त्या रात्री नवरा ओसाकाला क्लायंटकडे होता. साडेबारा वाजता कळ आली ती थांबेचना, आणि तुमची माझी ओळख म्हणजे दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलापाशी दहा मिनिटांची. तरी फोन केला कारण दुसरा मराठी नंबर माझ्याकडे नव्हता. तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात आठवतंय? "घाबरू नकोस, दार उघडून ठेव आणि इन्शुरन्सचं कार्ड हातात घे." थंडीत सायकल मारत आलात. आल्या आल्या शार्प 7119 ला, म्हणजे ॲम्ब्युलन्स बोलवायची की नाही ते विचारायच्या नंबरला, फोन लावलात, त्यांनी ऐकून ॲम्ब्युलन्स बोलवा म्हटलं आणि मग 119. तिथे आधी विचारतात "काजी देस का, क्यूक्यू देस का", आग की ॲम्ब्युलन्स, कारण फायर ब्रिगेडचा नंबर पण तोच. मी एकटी असते तर त्या पहिल्या प्रश्नालाच अडकले असते हे मला पक्कं माहितीये.

ॲम्ब्युलन्सला इथे पैसे लागत नाहीत हे मला तुमच्याकडून कळलं, मी त्या अवस्थेत सुद्धा किती येन होतील विचारत होते. आणि ती आल्यावर लगेच निघत नाही, कुठलं हॉस्पिटल घेतंय ते आतला माणूस एकेकाला फोन करून विचारतो, बिल्डिंगखाली वीस पंचवीस मिनिटं आम्ही तशाच उभ्या. मला वाटलं आपण परके म्हणून घेत नाहीयेत. तुम्ही माझा हात धरून सांगितलंत की असं नाहीये गं, जपानी माणसालाही असंच थांबावं लागतं, आधी बेड आणि डॉक्टर आहे का बघतात मगच नेतात. त्या वेळी ते एक वाक्य कळलं नसतं तर मी या देशाबद्दल कायमचा राग धरला असता.

पण मला खरे आभार मानायचेत ते त्या वहीचे.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, तान्सेकी, सलाईन आणि इंजेक्शनवर पहाटे घरी पाठवलं आणि सर्जनला दाखवायची तारीख दिली. मी म्हटलं ताई तुम्हीच चला आणि तुम्हीच बोला. तुम्ही चला ला हो म्हणालात आणि बोला ला नाही. दुसऱ्या दिवशी शंभर येनच्या दुकानातली वही घेऊन आलात, मधे रेघ मारलीत आणि मला म्हणालात तुला काय काय होतं ते मराठीत सांग, आईला सांगतेस तसं. मी सांगत गेले आणि तुम्ही समोर जपानी शब्द देवनागरीत लिहीत गेलात. ठणकतंय ला झुकिझुकि. टोचतंय ला चिकुचिकु. कळ येते ला किरिकिरि. मळमळतंय ला मुकामुका. आणि गरगरतंय ला चक्क गुरुगुरु! मी ते वाचून कितीतरी दिवसांनी हसले. इतके महिने मला वाटत होतं की ही भाषा म्हणजे भिंत आहे, आणि इथे तर दुखण्याला आपल्यासारखेच आवाज आहेत, आपल्याकडे आजी जसं सांगते तसंच इथली आजी डॉक्टरला सांगते. मला इंग्रजीत कधीच इतकं नीट सांगता आलं नव्हतं, तिथे सगळं पेनच.

सर्जनने विचारलं तेव्हा तुम्ही खुर्ची मुद्दाम मागे सरकवलीत. मी वही उघडून वाचलं, मिगि, उजवीकडे, किरिकिरि, आबुरा म्हणजे तेलकट खाल्ल्यावर, रात्री. त्यांनी मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं आणि पुढचा प्रश्न मला विचारला, तुम्हाला नाही. ताई, त्या दिवशी मी पहिल्यांदा या देशात पेशंट झाले, तोपर्यंत नुसतं कोणीतरी बरोबर आणलेलं सामान होते.

बाकीचं तर किती होतं. ऑपरेशनला घाई नाही असं डॉक्टर म्हणत होते आणि नोव्हेंबरच्या अखेरची तारीख देत होते, तेव्हा तुम्ही मला हळूच म्हणालात की डिसेंबरचा पहिला आठवडा मिळतो का विचार. मला कारणच कळेना. इथे बिलाचे तीस टक्के आपण भरतो पण महिन्याच्या खर्चाला कमाल मर्यादा असते, आमच्या पगाराच्या गटाला तेव्हा 80,000 येनच्या थोडी वर होती, आणि ती मर्यादा कॅलेंडरच्या महिन्यावर मोजतात, ॲडमिशन दोन महिन्यांत तुटली की हिशेब दोन्हीकडे वेगळा होतो. किती लोक वर्षानुवर्षं राहतात आणि हे माहीत नसतं. पूर्वी हॉस्पिटलात त्या मर्यादेपुरतेच पैसे भरायचे तर आधी जाऊन कागद काढावा लागायचा, आता मायनंबर कार्ड, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, मशीनवर ठेवताना होकार दिला की होतं, ते बटण पण तुम्हीच दाखवलंत. तसंच मोठ्या हॉस्पिटलला शोकाइजो शिवाय, म्हणजे क्लिनिकच्या चिठ्ठीशिवाय, सरळ गेलं तर वरचे 7,000 येन तरी जातात, त्यामुळे घराजवळचं एक क्लिनिक आपलं म्हणून धरून ठेवायचं हेही. आणि ओकुसुरी तेचो, औषधांची ती छोटी डायरी, पर्समधून कधी काढायची नाही.

ॲडमिशनच्या फॉर्मवर जामीन म्हणून सही लागते, वेगळ्या घरात राहणाऱ्या माणसाची. आमचं इथे कोण होतं? तुमच्याकडच्या काकांनी चहा पिता पिता सही केली, किती सहज. मला ती सही बघून रडू आलं होतं, तेव्हा बोलले नाही.

हॉस्पिटलचे पाच दिवस मात्र मला जड गेले. आपल्याकडे पेशंटपाशी कोणीतरी झोपतंच, खाली चटई टाकून का होईना, इथे रात्री सोबत कोणी नाही, भेटायची वेळ संपली की नवऱ्याला सुद्धा जावं लागायचं. नर्सेस फार चांगल्या होत्या, बेल दाबली की पळत यायच्या, तरी रात्री आईची आठवण यायची. जेवणाचं तुम्ही आधीच कागदावर लिहून दिलं होतंत, मांस नाही, मासे नाहीत आणि दाशि, म्हणजे माशाचं पाणी, ते पण नाही, कारण नुसतं व्हेज म्हटलं तर दाशि राहतंच. त्यामुळे पहिल्या जेवणाला ओकायु आला, नुसता मऊ भात, वर मीठ. आमच्या कोकणातल्या आजीची पेजच ती. मी वाटी पुसून खाल्ली.

आता बरी आहे. टाके कधीच सुकलेत, तळलेलं जपून खाते. गेल्या आठवड्यात दात ठणकला तर एकटी जाऊन आले, झुकिझुकि म्हटलं, त्यांनी लगेच बरोबर दातावर बोट ठेवलं.

वहीत मी स्वतःहून दोन पानं वाढवलीत, चुरचुरतंय ला हिरिहिरि सापडलं. ठसठसतंय ला मात्र वेगळा शब्द मिळाला नाही अजून, झुकिझुकि मधेच बसवलंय पण मला ते पटत नाही, ठसठस आणि ठणक वेगळं असतं ना? तुम्हाला काय वाटतं? रविवारी येते वही घेऊन, काकांना सांगा थालीपीठ आणतेय, आणि तुम्ही काही करत बसू नका.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची